डेट्रॉइट कुठे हरलं? प्रेस शॉपमध्ये, लाइनवर आणि व्हेंडरच्या टेबलावर

1950 च्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर शंभर गाड्यांपैकी नव्वदहून जास्त गाड्या तीनच कंपन्यांच्या असत: जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर. डेट्रॉइट शहर हे तिघींचं घर, म्हणून डेट्रॉइट म्हणजे याच तिघी. 1962 च्या सुमारास एकट्या जनरल मोटर्सकडे निम्मा बाजार होता. परदेशी स्पर्धकाची धास्ती तिला नव्हतीच. मक्तेदारीविरोधी कायदा लावून सरकार आपले तुकडे करील, ही तिची खरी काळजी होती. तिथून पुढे 2007 च्या जुलै महिन्यात या तिघींचा मिळून हिस्सा पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आला, आणि 2009 मध्ये जनरल मोटर्स व क्रायसलर दोघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला.

याची दोन कारणं सर्रास सांगितली जातात. एक, तेल महागलं म्हणून लोक छोट्या जपानी गाड्यांकडे वळले. दोन, जपानी मजूर स्वस्त होते. दोन्हींत तथ्य आहे, पण थोडंच. तेलामुळे गिऱ्हाईक जपानी शोरूमची पायरी चढलं. चढलेलं गिऱ्हाईक परत का आलं नाही, याचं उत्तर मात्र कारखान्यात शोधावं लागतं.

जपानी गाड्या पहिल्यापासून चांगल्या होत्या, असंही नाही. टोयोटाने 1957 मध्ये अमेरिकेत विक्री कंपनी काढली आणि 1958 साली टोयोपेट क्राउन नावाच्या 287 गाड्या विकल्या. जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी ती दणकट बांधली होती, पण अमेरिकी हायवेवर वेग धरला की इंजिन तापायचं आणि गाडी थरथरायची. टोयोटाने ती मागे घेतली, इंजिन आणि गिअरवर नव्याने काम केलं आणि 1965 मध्ये कोरोना घेऊन ती परत आली. चुकलेला माल मागे घेऊन तो का चुकला ते शोधायचं, ही सवय पुढच्या सगळ्या गोष्टीत दिसते.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. 1979 मध्ये इराणच्या क्रांतीने दुसरा दणका दिला. त्याच काळात धुराचा कायदाही आला होता. 1970 च्या कायद्याप्रमाणे 1975 पर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन 90 टक्क्यांनी कमी करायचं होतं. डेट्रॉइटने हे शक्य नाही म्हणत मुदतवाढ मागितली. होंडाने मात्र सिलिंडरच्या माथ्यावर एक छोटी कोठडी दिली. त्या कोठडीत पेट्रोलचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण ठिणगीने चटकन पेटतं, आणि त्याची ज्वाला मुख्य सिलिंडरमधलं पातळ मिश्रण सावकाश, पुरतं जाळते. हे सीव्हीसीसी इंजिन असलेली सिव्हिक 1975 चे नियम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय (धूर साफ करणाऱ्या डब्याशिवाय) पाळत होती. हे फक्त छोट्या इंजिनात जमतं, असा आक्षेप आला तेव्हा होंडाने एक शेव्हरोले इम्पाला विकत घेतली आणि तिच्या मोठ्या व्ही-8 इंजिनावर हीच रचना बसवून दाखवली.

डेट्रॉइटने छोट्या गाड्या काढल्या नाहीत का? काढल्या. शेव्हरोले व्हेगा 1970 मध्ये आली. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला तिच्यासाठी तासाला शंभर गाड्या जोडणारी लाइन लावली होती, म्हणजे प्रत्येक कामगाराला एका गाडीवर 36 सेकंद. 1972 मध्ये तिथे संप झाला. पण गाडीचं नाव बुडालं ते कामगारांमुळे नव्हे. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा होता, सिलिंडरला लोखंडी स्लीव्ह नव्हते, रेडिएटर लहान होता. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, थोडं जरी कमी झालं तरी इंजिन तापायचं, सिलिंडर खराब व्हायचे आणि मग ते तेल पिऊ लागायचं. गंजाची कथा तर शिकण्यासारखी आहे. गंजरोधक प्रायमरसाठी बॉडी टाकीत बुडवली जाई, तेव्हा पुढच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) वरच्या कोपऱ्यात हवा अडकायची. प्रायमर तिथवर पोहोचतच नसे. फेंडरच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर दिलं असतं तर चिखल आणि मीठ तिथे साचलं नसतं, पण खर्च वाचवायला ते गाळलं होतं. मग हजारो गाड्यांचे फेंडर कंपनीला फुकट बदलून द्यावे लागले.

असाच प्रकार 1978 च्या ओल्ड्समोबिल डिझेलचा. डिझेल इंजिनात दाब पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यांनी ब्लॉक जाड केला, पण जुन्याच मशिनरीवर काम व्हावं म्हणून हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) बोल्टची रचना पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, हेडमागे दहा बोल्ट. बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट फुटायचं, कूलंट सिलिंडरमध्ये शिरायचं. भरीला डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर दिला नव्हता, त्यामुळे इंजेक्शन पंप गंजायचे. अमेरिकेत डिझेल मोटारीचं नाव पुढे कित्येक वर्षं खराब राहिलं, त्याला हे इंजिन मोठं कारण आहे.

आता प्रेस शॉपमध्ये येऊ, कारण टोयोटाचं वेगळेपण इथून सुरू होतं.

गाडीचा दरवाजा, बॉनेट, फेंडर हे सगळं पत्र्याचं. मोठ्या प्रेसमध्ये टनावारी वजनाच्या दोन डाय (साचे) बसवायच्या आणि मध्ये पत्रा ठेवून दाबायचा. दरवाजाची डाय काढून बॉनेटची बसवायला जुन्या पद्धतीने अख्खी पाळी जाऊ शकते. समजा आठ तास लागतात आणि प्रेसचा एकूण दहा टक्केच वेळ बदलीत जावा अशी इच्छा आहे. मग पुढचे 72 तास सलग तोच भाग काढावा लागेल. मिनिटाला आठ ठोके धरले तर 34,560 नग. एवढा माल ठेवायला गोदाम, उचलायला फोर्कलिफ्ट, मोजायला माणसं लागतात. डायला ओरखडा पडला असेल आणि तो जोडणीच्या वेळी लक्षात आला, तर तोवर हजारो दरवाजे त्याच ओरखड्यासह तयार पडलेले असतात. ते भंगारात टाकायचे, की घासूनपुसून वापरायचे? वरून उत्पादनाचा आकडा मागत असतील तर उत्तर ठरलेलं असतं.

डेट्रॉइटने यावर काढलेला उपाय म्हणजे एका प्रेसला एकच भाग, महिनोन् महिने. गाड्या लाखांनी खपत होत्या तोवर ते परवडत होतं. टोयोटाला हा रस्ताच बंद होता. 1950 मध्ये ट्रक धरूनही तिचं वर्षाचं उत्पादन बारा हजारांच्या घरात होतं, बँकांनी गळ्याला फास लावला होता, संप आणि कामगारकपात होऊन संस्थापक किइचिरो टोयोडा यांना राजीनामा द्यावा लागला होता. मोजक्या प्रेसवर सगळे भाग काढायचे तर डाय पटकन बदलता यायलाच हवी. टोयोटाचे इंजिनिअर तायइची ओनो यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. पुढे सल्लागार शिगेओ शिंगो यांच्या मदतीने 1000 टनी प्रेसची चार तासांची बदली आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली गेली.

यात जादू नाही, क्रम आहे. आधी बदलीतली सगळी कामं लिहून काढायची. त्यातली प्रेस चालू असतानाच उरकता येतील अशी कामं वेगळी करायची: पुढची डाय आणून ठेवणं, साफ करणं, बोल्ट आणि पाने हाताशी ठेवणं. नुसतं एवढं केलं तरी बराच वेळ वाचतो. मग प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामं छोटी करायची. सगळ्या डायची उंची आणि पकडीची जागा सारखी करायची, म्हणजे प्रेसचा स्ट्रोक दर वेळी नव्याने लावावा लागत नाही. लांब आट्यांच्या बोल्टऐवजी चटकन बसणारे क्लॅम्प द्यायचे. डाय रोलरवरून सरकत येऊन ठरलेल्या खुणेला टेकली पाहिजे, म्हणजे आठ-दहा नग फुकट घालवून जुळवाजुळव करावी लागत नाही. सगळ्यात जास्त वेळ या जुळवाजुळवीतच जातो, आणि बहुतेक ठिकाणी तीच शेवटपर्यंत तशीच राहते. चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना ही पद्धत एसएमईडी (दहा मिनिटांच्या आत डाय बदलणं) या नावाने ठाऊक आहे.

वरचाच हिशेब आता दहा मिनिटांच्या बदलीने करा. दहा टक्क्यांची तीच मर्यादा, तर 90 मिनिटं आणि 720 नग पुरे. ओरखडा असेल तर तो दीड-दोन तासांत पुढच्या माणसाच्या हाताला लागतो, डाय बसवणारा अजून तिथेच असतो आणि काय बिघडलं ते त्याला आठवत असतं. साठा कमी झाल्याने जागा आणि व्याज वाचतं हे खरंच, पण माझ्या मते मोठा फायदा हाच की चूक ताजी असताना सापडते.

कानबान, म्हणजे माल मागवायचं कार्ड, हाही याच हिशेबाचा पुढचा भाग. समजा दिवसाच्या एकाच पाळीत 480 हँडल लागतात, एका पेटीत 20 बसतात आणि कार्ड मागे जाऊन भरलेली पेटी यायला अर्धी पाळी लागते. त्या वेळात 240 हँडल, म्हणजे 12 पेट्या लागतील. दहा टक्के राखीव धरले तर 13.2, म्हणून 14 कार्डं. कार्ड नाही तर उत्पादन नाही. सगळं सुरळीत चाललं की सुपरवायझर एक कार्ड काढून घेतो आणि आता कुठे अडतं ते बघतो. जिथे अडेल तिथे पुढची दुरुस्ती. नुसती कार्डं छापून साठा कमी केला आणि डाय बदलायला मात्र अजून चार तासच लागत असले, तर लाइन बंद पडणार. पुष्कळ कंपन्यांचं कानबान याच चुकीने फसलं.

जोडणीच्या लाइनवरचा फरक आणखी ठळक होता. डेट्रॉइटमध्ये लाइन थांबवणं हा जवळजवळ गुन्हा. तो अधिकार वरच्या मोजक्या लोकांकडे. समजा डॅशबोर्डमागच्या वायरिंगची एक क्लिप बसली नाही. त्या जागी ती बसवायला पाच सेकंद लागतात. पण गाडी तशीच पुढे गेली, वर डॅशबोर्ड चढला, सीट बसल्या, आणि चूक लाइनच्या टोकाला सापडली. आता रिवर्कवाल्याने सीट काढायच्या, डॅशबोर्ड सैल करायचा, क्लिप लावायची, पुन्हा सगळं बसवायचं. पाच सेकंदांचं काम तासांवर जातं आणि या उचकाउचकीत दोन नवे ओरखडे पडतात. सापडलीच नाही तर ती वायर वर्षभर घासत राहते आणि एक दिवस गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यात बंद पडते.

टोयोटात प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर दोरी. काही चुकलं की ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही. गाडी त्या जागेच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचेतो अडचण सुटली तर पुन्हा दोरी ओढायची आणि काम चालू. नाही सुटली तरच लाइन थांबते. मुळात ही कल्पना किइचिरो यांचे वडील साकिची टोयोडा यांच्या मागाची: धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जात नसे. दोरी टांगणं सोपं आहे. ती ओढल्यावर कोणी ओरडणार नाही याची खात्री कामगाराला देणं अवघड.

एमआयटीच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधला फ्रेमिंगहॅमचा जनरल मोटर्सचा कारखाना आणि जपानमधला टोयोटाचा ताकाओका कारखाना यांची मापं घेतली. कामातला फरक वगळून एक गाडी जोडायला फ्रेमिंगहॅमला 31 तास लागत, ताकाओकाला 16. शंभर गाड्यांमागे दोष फ्रेमिंगहॅममध्ये सुमारे 130, ताकाओकात 45. सुट्या भागांचा साठा एकीकडे दोन आठवड्यांचा, दुसरीकडे दोन तासांचा. निम्म्या वेळात आणि तिसऱ्या हिश्शाच्या दोषांसह गाडी निघत असेल, तर मजुरीच्या दराचा मुद्दा आपोआप मागे पडतो.

दर्जाची व्याख्याही वेगळी होती. फोर्डने एकाच ड्रॉइंगवरून एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन ठिकाणी बनवून घेतला: ओहायोत बटेव्हियाच्या स्वतःच्या कारखान्यात आणि जपानमध्ये माझ्दाकडे. फोर्डच्या गिअरबॉक्सबद्दल वॉरंटीच्या तक्रारी जास्त येऊ लागल्या. दोन्ही उघडून मोजले तर फोर्डचे भाग ड्रॉइंगच्या मर्यादेत होते, तपासणीत पास. पण त्यांची मापं मर्यादेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली, तर माझ्दाची मधल्या मापाभोवती दाटलेली. एक शाफ्ट जाडसर बाजूचा आणि त्याचं बेअरिंग बारीक बाजूचं एकत्र आले, की दोन्ही पास असूनही जोडी घासते. गिअरबॉक्समध्ये असे शेकडो भाग असतात. पास-नापास एवढंच बघणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याला रोजचं माप आलेखावर मांडावं लागतं. हे आकडेशास्त्र एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी माणसानेच 1950 मध्ये जपानी इंजिनिअरांना शिकवलं होतं. फोर्डने त्यांना 1981 मध्ये बोलावलं.

व्हेंडरशी, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांशी, वागणूक हा तिसरा धागा. 1992 मध्ये जनरल मोटर्सच्या खरेदी विभागाची सूत्रं होसे इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे आली. चालू करार मोडून त्यांनी नव्याने भाव मागवले आणि मोठी कपात मागितली. पैसा वाचला, पण व्हेंडरनी आपली नवी कल्पना आधी दुसऱ्या कंपनीकडे न्यायला सुरुवात केली. टोयोटाही भाव कमी करायला लावतेच, आणि निष्ठुरपणे लावते. फरक असा की ती आपला इंजिनिअर व्हेंडरच्या शॉपवर पाठवते, खर्च कुठे कमी होईल ते दाखवते आणि काम पुढच्या मॉडेललाही त्याच्याकडेच ठेवते. 1 फेब्रुवारी 1997 ला आइसिन कंपनीच्या कारिया कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनत होता आणि साठा होता काही तासांचा. जपानमधल्या टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. कमी साठ्याची किंमत ती हीच. पण कित्येक व्हेंडरनी ड्रॉइंग मागवून घेतलं, शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदरनेही व्हॉल्व्ह घडवले, आणि आठवडाभरात बहुतेक कारखाने पुन्हा सुरू झाले. तेव्हा भावाची घासाघीस करत बसायला कोणी थांबलं नाही.

सरकारने डेट्रॉइटला सावरायचा प्रयत्न केला. क्रायसलरला 1980 मध्ये दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली आणि तिने ते 1983 मध्ये फेडलं. 1981 पासून जपानने अमेरिकेला वर्षाला 16.8 लाखच गाड्या पाठवायच्या असं ठरलं. पण मर्यादा नगांवर होती, किमतीवर नव्हती. मग जपान्यांनी स्वस्त गाड्यांच्या जागी महाग गाड्या पाठवल्या आणि पुढे अक्युरा, लेक्सस, इन्फिनिटी हे श्रीमंती ब्रँड काढले. शिवाय ते अमेरिकेतच उत्पादन करू लागले: होंडा ओहायोतल्या मेरिसव्हिलला 1982 मध्ये, निसान टेनेसीत 1983 मध्ये, टोयोटा केंटकीत 1988 मध्ये. तिथे काम करणारे अमेरिकीच होते. डेट्रॉइटने मिळालेल्या उसंतीत भाव वाढवले.

सगळ्यात जड वाटावी अशी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टची आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. 1982 मध्ये तो बंद झाला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने तो भागीदारीत पुन्हा उघडला, नाव नुमी. युनियन तीच, बहुतेक कामगार तेच. त्यांच्यातल्या काही तुकड्या शिकायला ताकाओकाला नेल्या. थोड्याच काळात तिथे गाडी 19 तासांत निघू लागली आणि दोष ताकाओकाएवढेच, शंभरामागे 45. कामगार आळशी आहेत, हा समज तिथेच खोटा ठरला.

मग जनरल मोटर्सने हे बाकी कारखान्यांत का नेलं नाही? नेण्याचा प्रयत्न केला. फ्रीमॉन्टला राहून आलेले मॅनेजर दोन-चार जणांच्या टोळ्यांनी इतर कारखान्यांत विखुरले, आणि तिथे मॅनेजरचं मोजमाप रोजच्या गाड्यांच्या आकड्यावरच होत होतं. दोरी टांगली तरी ओढायची कोणी? खराब बसणारा दरवाजा ज्या प्रेस शॉपमधून येतो ते वेगळ्या विभागाच्या ताब्यात, त्याला फोन करून उपयोग नाही. हिशेबाची पद्धतही आड येत होती: जास्त गाड्या बनवल्या की कारखान्याचा स्थिर खर्च जास्त नगांवर वाटला जातो आणि कागदावर नफा दिसतो, मग त्या गाड्या डीलरच्या आवारात उभ्या का राहीनात. वरच्या मंडळींनी रोबोंवर आणि ईडीएस (संगणक सेवा), ह्यूज (इलेक्ट्रॉनिक्स) यांसारख्या कंपन्या विकत घेण्यावर अब्जावधी डॉलर घातले. चुकीच्या क्रमाने चाललेलं काम रोबोकडे दिलं, की ते चुकीच्या क्रमानेच, पण जास्त वेगाने होतं.

निवृत्तांच्या वैद्यकीय खर्चाचं ओझं खरं होतं. 2005 च्या सुमारास जनरल मोटर्सला आरोग्यविम्यापोटी एका गाडीमागे सुमारे 1500 डॉलर पडत. नव्याने आलेल्या जपानी कारखान्यांत निवृत्त जवळजवळ नव्हतेच. पण ही देणी 1950 पासूनच्या करारांत व्यवस्थापनाने स्वतः कबूल केली होती, आणि विक्री वाढत राहील हे धरून केली होती.

भारतातही याचा एक छोटा अध्याय घडला. जनरल मोटर्सने पुण्याजवळ तळेगावला 2008 मध्ये कारखाना सुरू केला, 2017 मध्ये देशातली विक्री थांबवली आणि 2020 च्या डिसेंबरात उत्पादन बंद केलं. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचा निर्णय घेतला. कमी किमतीत छोटी गाडी बनवून त्यावर पैसे कमवायचं गणित सुझुकीला इथे 1983 पासून जमत आलं आहे.

अमेरिकेत डेट्रॉइटकडे उरला तो पिकअप ट्रक. 1964 पासून आयात पिकअपवर 25 टक्के कर आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या कराला उत्तर म्हणून तो लावला होता आणि अजून उठलेला नाही. या भिंतीआड पिकअपवर मोठा नफा सुटत राहिला, त्यामुळे 2008 मध्ये तेल 147 डॉलरवर गेलं तेव्हा फटकाही सगळ्यात मोठा तिथेच बसला. फोर्डने 2018 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सेडान बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि तो बाजार टोयोटाच्या कॅमरीला आणि होंडाच्या अकॉर्डला मोकळा केला. 2021 मध्ये चिपच्या टंचाईत टोयोटाने जनरल मोटर्सला अमेरिकेतच मागे टाकलं, 1931 नंतर पहिल्यांदा, पण वर्षभरात तो मान परत गेला. पिकअपमध्ये मात्र जपान अजून जिंकलेला नाही. टोयोटा 2006 पासून टेक्सासमध्ये टुंड्रा बनवते, त्यामुळे कराची अडचण नाही. तरीही अमेरिकी शेतकरी आणि कंत्राटदाराला केबिन, मागचा हौदा, इंजिन, एक्सल यांचे जितके जोड फोर्डच्या एफ-सिरीजमध्ये मिळतात, तितके टोयोटा देत नाही, आणि जड ओढकामाचा तीन-चतुर्थांश टनी वर्ग तर तिने घेतलेलाच नाही.